आधी निर्णय, मग विजेतेपद : फ्लाव्हिया पेनेटाच्या कारकिर्दीचा अभ्यास

12 सप्टेंबर 2015 रोजी न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश स्टेडियमवर इटलीच्या फ्लाव्हिया पेनेटाने अमेरिकन ओपनचं महिला एकेरीचं विजेतेपद मिळवलं आणि बक्षीस समारंभातच, माइक हातात असताना, आपण टेनिसला निरोप देत असल्याचं सांगून टाकलं. तेव्हा ती 33 वर्षांची होती आणि एकेरीतलं हे तिचं पहिलंच ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीचं) विजेतेपद होतं. तेव्हापासून तिची गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जाते: शिखर गाठलं आणि तिथूनच निरोप घेतला.

मला ही मांडणी पटत नाही, कारण तिच्यात घटनांचा क्रम उलटा लागतो. निर्णय महिनाभर आधीच झालेला आहे, हे पेनेटाने त्याच समारंभात स्पष्ट सांगितलं होतं. विजेतेपद मिळालं म्हणून तिने टेनिस सोडलं नाही. सोडायचं ठरवून ती स्पर्धेत उतरली, सात सामने जिंकली आणि जिंकल्यावरही ठरलेलं मोडलं नाही. खेळाडूच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा तर हा क्रम नीट लावणं फार गरजेचं आहे. नाहीतर पंधरा वर्षांच्या मेहनतीचा अर्थ एका दुपारच्या नाट्यावरून ठरतो आणि खरी वळणं नजरेतून सुटतात. पेनेटाच्या बाबतीत सगळ्यांत मोठं वळण 2015 मध्ये नव्हतंच. ते 2013 च्या उन्हाळ्यात होतं.

ब्रिंडिसीची मुलगी

पेनेटाचा जन्म 25 फेब्रुवारी 1982 चा, ब्रिंडिसीचा. इटलीच्या दक्षिणेला, बुटाच्या टाचेसारख्या दिसणाऱ्या पुलिया प्रांतातलं हे बंदराचं शहर. तिथून साधारण 70 किलोमीटरवर, पलीकडच्या किनाऱ्यावर तारांतो आहे. तिथे वर्षभराने रॉबर्टा विंचीचा जन्म झाला. दोघी लहानपणापासून एकमेकींच्या ओळखीच्या, एकाच प्रांतातल्या स्पर्धांमधून वर आलेल्या. 1999 मध्ये दोघींनी मिळून फ्रेंच ओपनचं मुलींच्या दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात पलीकडच्या जोडीत किम क्लायस्टर्स होती, जी पुढे जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेली. सोळा वर्षांनी अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात याच दोन मैत्रिणी समोरासमोर उभ्या राहतील, असं 1999 मध्ये कुणी म्हटलं असतं तर इटलीतसुद्धा त्यावर विश्वास बसला नसता. इटलीच्या एकाही महिलेने तोवर ग्रँड स्लॅम एकेरी जिंकली नव्हती. पुरुषांमध्ये निकोला पिएत्रांजेलीने 1959 आणि 1960 मध्ये, तर आद्रियानो पानात्ताने 1976 मध्ये फ्रेंच ओपन जिंकलं होतं. देशाच्या खात्यात एवढंच होतं.

व्यावसायिक टेनिसमध्ये पेनेटा सावकाश वर आली. पहिलं एकेरी विजेतेपद 2004 मध्ये पोलंडमधल्या सोपोतला मिळालं. 2005 मध्ये बोगोता आणि अकापुल्को, 2007 मध्ये बँकॉक, 2008 मध्ये चिलीतलं विन्या देल मार आणि पुन्हा अकापुल्को. या यादीकडे बारकाईने पाहिलं तर तिच्या कारकिर्दीचं गणित कळतं. यातल्या बहुतेक स्पर्धा क्ले कोर्टवरच्या, म्हणजे मातीच्या मैदानावरच्या. बऱ्याचशा फेब्रुवारी-मार्चमध्ये लॅटिन अमेरिकेत होणाऱ्या, जिथे पहिल्या दहातल्या खेळाडू सहसा फिरकत नाहीत. क्रमवारीत विसाव्या ते चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास असलेल्या खेळाडूला अशा स्पर्धांमधून गुण मिळतात, पैसा मिळतो आणि जिंकण्याची सवय लागते. पेनेटाने ती संधी पुरेपूर वापरली. असलं यश बातम्यांमध्ये गाजत नाही, पण तळ पक्का व्हायला तेच लागतं.

या काळात तिचा मुक्काम बार्सिलोनात असे आणि गॅब्रिएल उर्पी हे स्पॅनिश प्रशिक्षक तिच्यासोबत होते. तिचा खेळ मात्र ठरावीक स्पॅनिश क्ले कोर्टाच्या साच्यातला नव्हता. दोन हातांचा सपाट बॅकहँड हा तिचा सर्वांत भरवशाचा फटका, विशेषतः रेषेलगत सरळ मारलेला. समोरून येणारी सर्व्हिस ती लवकर, चेंडू वर उठत असतानाच परतवायची. तिची स्वतःची सर्व्हिस कामचलाऊ होती, त्या एका अस्त्रावर सामना काढून नेता येईल अशी ती कधीच नव्हती. असा खेळ अमेरिकन ओपनसारख्या हार्ड कोर्टवर, म्हणजे कडक पृष्ठभागाच्या मैदानावर जास्त फळतो, आणि आकडेही तेच सांगतात. फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनमध्ये ती कधीच चौथ्या फेरीपुढे गेली नाही. अमेरिकन ओपनमध्ये मात्र 2008, 2009, 2011, 2013, 2014 आणि 2015 अशी सहा वेळा तिने उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यामुळे 2015 चं विजेतेपद आकाशातून पडलं, असं म्हणणाऱ्यांनी ही सहा वर्षं एकदा डोळ्यांसमोर ठेवावीत. न्यूयॉर्कचं कोर्ट तिचं होतं, फक्त शेवटचं दार उघडायचं बाकी होतं.

2009 चा उन्हाळा तिच्या पहिल्या उंचीचा. पालेर्मो जिंकलं, लॉस एंजेलिस जिंकलं, सिनसिनाटीत उपांत्य फेरी गाठली आणि 17 ऑगस्टला ती जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत गेली. तिथे पोहोचलेली ती इटलीची पहिली महिला. तीन आठवड्यांनी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत व्हेरा झ्वोनारेवाविरुद्ध तिने सहा मॅच पॉइंट (समोरची खेळाडू सामना जिंकायला एकाच गुणाने दूर असतानाचे क्षण) वाचवले आणि सामना 3-6, 7-6, 6-0 असा काढला. त्या सामन्यातला तिसरा सेट मला फार बोलका वाटतो. दुसऱ्या सेटमध्ये हरता हरता वाचलेली खेळाडू बहुधा पुढे सैल पडते. पेनेटाने तिसऱ्या सेटमध्ये एकही गेम दिला नाही.

एकटीची नसलेली कारकीर्द

पेनेटा ज्या पिढीत वाढली ती पिढी बाजूला ठेवून तिच्याबद्दल बोलता येत नाही. 1980 साली जन्मलेली फ्रान्चेस्का स्कियाव्होने, 1982 ची पेनेटा, 1983 ची विंची आणि 1987 ची सारा एरानी. चौघींचे स्वभाव वेगळे, खेळ वेगळे, प्रशिक्षक वेगळे, सरावाची ठिकाणंही वेगवेगळी. एखाद्या मोठ्या राष्ट्रीय अकादमीने घडवलेला हा गट नव्हता. तरीही कर्णधार कोरादो बाराझ्झुत्ती यांच्या हाताखाली इटलीने 2006, 2009, 2010 आणि 2013 असा चार वेळा फेड कप, म्हणजे महिलांची देशोदेशींच्या संघांची स्पर्धा, जिंकला. 2009 मध्ये रेज्जो कालाब्रियात आणि 2010 मध्ये सॅन डिएगोत, दोन्ही वेळा अमेरिकेविरुद्ध, अंतिम लढत निकाली काढणारा सामना पेनेटाने जिंकला.

2010 च्या जूनमध्ये स्कियाव्होनेने फ्रेंच ओपन जिंकलं तेव्हा ती तिशीला टेकलेली होती. त्या विजयाचा पेनेटाच्या मनावर काय परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण एवढं नक्की की त्या दिवसानंतर इटलीच्या खेळाडूंसाठी 'हे आपल्याला जमणारं नाही' हे वाक्य संपलं. ज्या मुलीबरोबर आपण वर्षानुवर्षं एकाच संघात खेळतो, जिचे कच्चे दुवे आपल्याला पाठ आहेत, ती ग्रँड स्लॅम जिंकते, याचा धडा कुठल्याही प्रशिक्षकाच्या सांगण्यापेक्षा मोठा असतो.

दुहेरीने तिच्या कारकिर्दीला दुसरा पाय दिला. अर्जेंटिनाच्या गिसेला डुल्कोबरोबर तिने 2010 चं वर्ष गाजवलं. दोहामधली हंगामाअखेरची स्पर्धा या जोडीने जिंकली, पाठोपाठ जानेवारी 2011 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनही. 28 फेब्रुवारी 2011 ला पेनेटा दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेली. कारकिर्दीत तिची एकेरीची विजेतेपदं 11 आणि दुहेरीची 17. एकेरीत नाव असलेल्या अनेक खेळाडू दुहेरीला दुय्यम मानून सोडून देतात. पेनेटाने ती शेवटपर्यंत मनापासून खेळली, आणि त्याचा फायदा एकेरीतही दिसला. सर्व्हिस परतवण्यातली अचूकता, जाळ्याजवळचे छोटे फटके, दबावाखालचे गुण खेळताना पुढचं पाऊल टाकायची तयारी, हे सगळं दुहेरीत रोज घासून निघतं.

इथे भारताचा धागाही येतो. मार्टिना हिंगिस दुहेरीसाठी परतली तेव्हा 2014 च्या अमेरिकन ओपनमध्ये तिची जोडीदार पेनेटा होती. दोघी अंतिम फेरीत पोहोचल्या आणि एकातेरिना माकारोव्हा-एलेना वेस्निना या रशियन जोडीकडून हरल्या. 2015 च्या मार्चपासून हिंगिस मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाबरोबर खेळू लागली. त्याच वर्षीच्या अमेरिकन ओपनच्या दुहेरीत हिंगिस-सानिया जोडीने उपांत्य फेरीत ज्यांना हरवलं त्या होत्या सारा एरानी आणि फ्लाव्हिया पेनेटा. आपल्याकडे त्या आठवड्यात सगळं लक्ष सानियाच्या आणि मिश्र दुहेरीत लिअँडर पेसच्या विजेतेपदाकडे होतं, आणि ते स्वाभाविकच आहे. पण सानियाकडून दुहेरीत हरलेली ती इटालियन बाई त्याच स्पर्धेत एकेरीची विजेती झाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

मनगट

2012 च्या मे महिन्यात रोममध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, सेरेना विल्यम्सविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना पेनेटाला अर्धवट सोडावा लागला. उजवं मनगट दुखावलं होतं. लंडन ऑलिम्पिकपर्यंत ती खेळत राहिली आणि ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. हंगाम तिथेच संपला.

उजव्या हाताने खेळणाऱ्या टेनिसपटूसाठी उजवं मनगट म्हणजे सर्वस्व. सर्व्हिसचा शेवटचा झटका, फोरहँडचा वेग आणि दोन हातांच्या बॅकहँडमधली खालची पकड, सगळं तिथूनच जातं. गुडघा किंवा घोटा दुखावला तर पळणं कमी करून, जागा हेरून खेळता येतं. मनगट दगा देत असेल तर प्रत्येक फटक्याआधी मेंदू हाताला सावध करतो, आणि सावध हाताने टेनिस होत नाही. शिवाय तिचं वय तेव्हा 30 होतं.

त्यातच क्रमवारीची पद्धत निर्दय आहे. महिला टेनिसमध्ये गुण 52 आठवड्यांसाठीच टिकतात. मागच्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या आठवड्यात गळून पडतात. तुम्ही घरी प्लास्टर लावून बसला असाल तरी गळती थांबत नाही. पेनेटा फेब्रुवारी 2013 मध्ये बोगोतात परतली, पण सामने हरत राहिली. जूनमध्ये ती 166 व्या क्रमांकावर होती. जी बाई दोन-चार वर्षांपूर्वी पहिल्या दहांत होती आणि दुहेरीत जगात पहिली होती, तिला आता मोठ्या स्पर्धांच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळण्याची खात्री उरली नव्हती. सोडून द्यावं का, हा विचार त्या काळात आपल्या मनात घोळत होता, हे तिने नंतर स्वतः सांगितलं आहे.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा पेच इथे आहे. 2013 मध्ये तिने रॅकेट खाली ठेवली असती तर कुणीही दोष दिला नसता. कारकीर्द चांगली म्हटली गेली असती: पहिल्या दहातली पहिली इटालियन महिला, फेड कपची शिलेदार, दुहेरीतली अव्वल खेळाडू. एवढ्यावर माणसं समाधानाने घरी जातात. पण तेव्हाचं जाणं हे मनगटाने घेतलेल्या निर्णयावर सही करण्यासारखं झालं असतं. पेनेटा थांबली नाही. नवे प्रशिक्षक साल्व्हाडोर नवारो यांच्यासोबत तिने काम सुरू ठेवलं. विम्बल्डनमध्ये चौथी फेरी गाठली. पाठोपाठ अमेरिकन ओपनमध्ये, क्रमवारीत 83 व्या क्रमांकावर असताना, तिने चौथी मानांकित (म्हणजे क्रमवारीवरून स्पर्धेने चौथा क्रमांक दिलेली) एरानी, स्वेत्लाना कुझ्नेत्सोव्हा, सिमोना हालेप आणि विंची अशा चौघींना लागोपाठ हरवलं. एकही सेट न गमावता. उपांत्य फेरीत व्हिक्टोरिया अझारेंकाने तिला थांबवलं.

त्या पंधरवड्याने 2015 शक्य केलं. शरीर साथ देतंय हे तिला कळलं, आणि न्यूयॉर्क अजून आपलं आहे हेही. मार्च 2014 मध्ये अमेरिकेतल्या इंडियन वेल्सला तिने उपांत्य सामन्यात तेव्हाची ऑस्ट्रेलियन ओपन विजेती ली ना आणि अंतिम सामन्यात आग्निएश्का रादवान्स्का यांना हरवून विजेतेपद मिळवलं. ग्रँड स्लॅम आणि हंगामाअखेरची स्पर्धा सोडली तर महिला टेनिसमध्ये याहून मोठ्या स्पर्धा नाहीत. रादवान्स्काला दुखापतीचा त्रास होता आणि निकाल 6-2, 6-1 असा एकतर्फी लागला, पण आठवडाभराचा खेळ पाहिला तर विजेतेपद तिच्याच हक्काचं होतं.

न्यूयॉर्क, 2015

2015 च्या विम्बल्डनमध्ये पेनेटा पहिल्याच फेरीत हरली. ऑगस्टमध्ये टोरांटोत सेरेनाविरुद्ध पहिला सेट 6-2 असा घेतला आणि पुढचे दोन 3-6, 0-6 असे गमावले. याच सुमारास तिने ठरवलं की हे शेवटचं वर्ष. जाहीर काहीच केलं नाही. अमेरिकन ओपनमध्ये तिला 26 वं मानांकन होतं आणि संभाव्य विजेत्यांच्या कुठल्याही गंभीर यादीत तिचं नाव नव्हतं. असणारच कसं? सेरेना त्या वर्षीच्या पहिल्या तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकून आली होती. एकाच कॅलेंडर वर्षात चारही जिंकण्याचा पराक्रम 1988 मध्ये स्टेफी ग्राफने केला, त्यानंतर कुणालाच जमलेला नव्हता. त्यामुळे सगळी स्पर्धा त्या एका प्रश्नाभोवती फिरत होती.

पेनेटाच्या सुरुवातीच्या फेऱ्या खडबडीत गेल्या. पहिल्या फेरीत एक सेट गमावला. तिसऱ्या फेरीत पेत्रा चेत्कोव्स्काविरुद्ध पहिला सेट 1-6 असा गेला, मग सामना सावरला. चौथ्या फेरीत 2011 ची विजेती समांथा स्टोसूर 6-4, 6-4. खरी कसोटी उपांत्यपूर्व फेरीची. पाचवी मानांकित आणि दोनदा विम्बल्डन जिंकलेली पेत्रा क्विटोव्हा पहिला सेट घेऊन दुसऱ्यातही पुढे होती. ऊन प्रचंड होतं. पेनेटाने रॅली लांबवल्या, क्विटोव्हाला धावायला लावलं आणि सामना 4-6, 6-4, 6-2 असा फिरवला. अनुभव म्हणतात तो हाच. स्वतःच्या फटक्यांबरोबर समोरच्या खेळाडूची दमछाकही मोजता येणं.

उपांत्य सामने पावसामुळे गुरुवारवरून शुक्रवारी गेले. त्या दिवशी पेनेटाने दुसऱ्या मानांकित हालेपला 6-1, 6-3 असं तासाभराच्या आत संपवलं. तिच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम सामन्यांपैकी हा एक. पण काही वेळाने ड्रॉच्या, म्हणजे स्पर्धेच्या तक्त्याच्या, दुसऱ्या अर्ध्या भागातून जी बातमी आली तिच्यात तो वाहून गेला. क्रमवारीत 43 व्या क्रमांकावरच्या, मानांकनही नसलेल्या रॉबर्टा विंचीने सेरेनाला 2-6, 6-4, 6-4 असं हरवलं होतं. ग्राफची बरोबरी टळली आणि अंतिम सामना पुलियाच्या दोन मुलींमध्ये ठरला. इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान मात्तेओ रेन्झी ठरलेले कार्यक्रम सोडून विमानाने न्यूयॉर्कला आले. त्यावर देशात टीका झाली, पण दक्षिण इटलीतल्या दोन छोट्या क्लबांतून आलेल्या मुलींसाठी हे घडलं याचं मोल मला त्या टीकेपेक्षा मोठं वाटतं.

अंतिम सामना पहिल्या सेटपुरता अटीतटीचा झाला. विंचीचा कापलेला बॅकहँड खाली राहायचा, ती संधी मिळताच जाळ्याकडे धावायची. दोघींना एकमेकींचा खेळ इतका पाठ की चकवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. टायब्रेक पेनेटाने 7-4 असा घेतला आणि दुसऱ्या सेटमध्ये 4-0 अशी आघाडी. निकाल 7-6, 6-2. जाळ्यापाशी दोघींनी दीर्घ मिठी मारली, मग समारंभाची तयारी होईपर्यंत शेजारी-शेजारी बसून गप्पा मारत राहिल्या. ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यानंतर विजेती आणि पराभूत खेळाडू अशा बसलेल्या क्वचितच दिसतात.

ही तिची 49 वी ग्रँड स्लॅम स्पर्धा होती. पहिलं विजेतेपद मिळण्याआधी इतक्या स्पर्धा कुठल्याच महिलेने खेळल्या नव्हत्या, आधीचा विक्रम फ्रान्सच्या मारिओं बार्तोलीचा, 47 व्या स्पर्धेतल्या विजेतेपदाचा. खुल्या टेनिसच्या काळात, म्हणजे 1968 पासून, पहिलं एकेरी ग्रँड स्लॅम जिंकणारी ती सर्वांत वयस्क महिला ठरली. बक्षीस 33 लाख डॉलरचं, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 22 कोटी रुपये. एकेरी-दुहेरी मिळून तिची सगळ्या कारकिर्दीची बक्षिसाची कमाई साधारण 1 कोटी 42 लाख डॉलर होती. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा एका स्पर्धेत आला.

नशिबाचा वाटा आणि निर्णयाचा वाटा

नशीब होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. मारिया शारापोव्हाने दुखापतीमुळे स्पर्धेआधीच माघार घेतली होती. 2013 मध्ये जिने पेनेटाला थांबवलं ती अझारेंका हालेपकडून हरली. आणि सेरेनाला पेनेटा आयुष्यात एकदाही हरवू शकली नव्हती. ते काम विंचीने केलं. पण स्टोसूर, क्विटोव्हा आणि हालेप यांना लागोपाठ हरवणं हे काही नशिबावर होत नाही.

'सोडायचं ठरवल्यामुळे ती मोकळी झाली आणि म्हणून जिंकली' हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे. मी ते अर्धंच स्वीकारते. शेवटचं वर्ष ठरवून खेळणाऱ्या खेळाडूंपैकी बहुतेक काही जिंकत नाहीत, मन मोकळं असूनही. मोकळ्या मनाला वापरता येईल असं काहीतरी हातात असावं लागतं. पेनेटाकडे ते होतं: सावरलेलं मनगट, दुहेरीने घडवलेला हात, आणि ज्या कोर्टवर सहा वेळा शेवटच्या आठांत पोहोचली ते ओळखीचं कोर्ट. निर्णयाने एवढंच केलं की क्विटोव्हाविरुद्ध एक सेट मागे असताना 'पुढच्या वर्षी बघू' हा विचार तिच्याकडे उरला नाही.

निर्णयाची खरी परीक्षा मात्र जिंकल्यानंतर सुरू झाली. इतरांशी तुलना केली की हे दिसतं. पीट सॅम्प्रासने 2002 मध्ये अमेरिकन ओपन जिंकलं आणि पुन्हा सामना खेळला नाही, पण निवृत्ती जाहीर करायला त्याला जवळपास वर्ष लागलं. बार्तोलीने 2013 चं विम्बल्डन जिंकल्यावर सव्वा महिन्याने निवृत्ती घेतली, शरीर साथ देत नाही म्हणून, आणि काही वर्षांनी पुनरागमनाची तयारीही करून पाहिली. ॲशली बार्टीने 2022 मध्ये घरचं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दोन महिन्यांनी, पहिल्या क्रमांकावर असताना, थांबायचं ठरवलं. या तिघांचा निर्णय विजयानंतर पक्का झाला किंवा जगासमोर आला. पेनेटाचा आधी झाला होता, आणि कुणालाच माहीत नव्हता. तो गुपचूप मागे घेणं अगदी सोपं होतं. समारंभात काही न बोलता घरी गेली असती तर पुढच्या वर्षी विजेती म्हणून, पहिल्या दहातलं मानांकन घेऊन, मोठ्या मानधनाच्या प्रायोजकांसह ती खेळू शकली असती. 28 सप्टेंबरला ती क्रमवारीत सहाव्या स्थानी पोहोचली, आयुष्यातलं सर्वोच्च स्थान. मोह केवढा असेल याची कल्पना यावरून यावी.

म्हणूनच मला तिचं समारंभातच सांगून टाकणं महत्त्वाचं वाटतं. तो भावनेचा उमाळा होता असं अनेकांनी लिहिलं. मला उलट वाटतं. हजारो लोकांसमोर शब्द देऊन तिने स्वतःला मागे फिरायची वाट बंद केली.

त्यानंतरचे सात आठवडे

पेनेटा त्या रात्रीच थांबली असा समज आजही आढळतो, तो चूक आहे. तिने हंगाम पूर्ण केला. वर्षभरातल्या सर्वोत्तम आठ खेळाडूंच्या सिंगापूरमधल्या स्पर्धेसाठी ती पात्र ठरली आणि तिथे खेळली. पहिल्या सामन्यात हालेपने तिला 6-0, 6-3 असं हरवून सप्टेंबरची परतफेड केली. दुसऱ्यात तिने रादवान्स्काला हरवलं, आणि पुढे रादवान्स्कानेच ती स्पर्धा जिंकली. 29 ऑक्टोबरला शारापोव्हाविरुद्ध 5-7, 1-6 अशी हार झाली. हा तिचा शेवटचा सामना. वर्ष संपलं तेव्हा ती आठव्या क्रमांकावर होती. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन सुरू झालं तेव्हा ड्रॉमध्ये तिचं नाव नव्हतं. 2016 च्या जूनमध्ये तिने टेनिसपटू फाबियो फोन्यिनीशी पुलियातल्याच ओस्तुनीत लग्न केलं. अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यासाठी तो इटलीहून रात्रभर प्रवास करून न्यूयॉर्कला पुन्हा आला होता. त्याच स्पर्धेत त्याने दोन सेट मागे असताना राफाएल नदालला हरवलं होतं.

विंचीने वेगळा रस्ता धरला. ती खेळत राहिली, 2016 मध्ये सेंट पीटर्सबर्ग जिंकली, सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि 2018 मध्ये रोममध्ये थांबली. स्कियाव्होनेने 2018 च्या अमेरिकन ओपनच्या वेळी, वयाच्या 38 व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. एरानी 2025 मध्येही खेळत होती: 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जस्मिन पाओलिनीबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक, 2025 मध्ये त्याच जोडीने फ्रेंच ओपन. एकाच पिढीतल्या चार बायका, थांबण्याच्या चार तऱ्हा. यातली कुठली बरोबर हे ठरवायचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही, पण कुणाचा निर्णय कुणी घेतला हे पाहता येतं. माझ्या मते दुखापतीने, क्रमवारीने किंवा पराभवांच्या मालिकेने चौघींपैकी एकीलाही घरी पाठवलं नाही.

इटलीला पुढचं ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद मिळायला आठ वर्षांहून जास्त काळ लागला, जानेवारी 2024 मध्ये यानिक सिनरने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकेपर्यंत. महिलांमध्ये त्याच वर्षी पाओलिनी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन अशा दोन अंतिम सामन्यांत पोहोचली आणि दोन्ही हरली. तेव्हा ती 28 वर्षांची होती. पेनेटा त्या वयात असताना दुहेरीत पहिल्या क्रमांकाच्या वाटेवर होती, आणि मनगट, 166 वा क्रमांक, न्यूयॉर्क हे सगळंच अजून पुढे होतं.